हॅमस्ट्रिंग सारखी धरते? नुसत्या स्ट्रेचिंगने भागणार नाही

मांडीच्या मागे चमक भरली की बहुतेक जण काय करतात, आठवडाभर आराम, मग पाय बाकावर टाकून जोर जोरात वाकायचं, आणि जरा बरं वाटलं की डायरेक्ट फुल स्पीड. आणि एकदा गेलेली हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, पुन्हा जायचे चान्सेस जास्तच असतात बरं का.

जोरात पळताना पाऊल टेकायच्या जरा आधी हा स्नायू पूर्ण ताणलेला असतो आणि तेव्हाच त्याला पुढे फेकलेल्या नडगीला ब्रेक लावायचा असतो, बहुतेकदा फाटतो तो तिथेच. म्हणून ताणलेल्या अवस्थेत ताकद हवी, त्यासाठी नॉर्डिक कर्ल हा व्यायाम. फुटबॉलपटूंना दुखापती टाळण्यासाठी बनवलेल्या फिफा ११+ वॉर्मअपमध्येही हा आहे.

गुडघ्याखाली जाड मॅट घेऊन गुडघ्यांवर ताठ उभे राहा, पार्टनरला घोटे घट्ट दाबून धरायला सांगा. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून हळूहळू पुढे झुका, जमेल तितकं रोखा, सुटायला लागलं की हात टेका आणि हातानेच ढकलून वर या. सगळे चुकतात ते कमरेत, ढुंगण मागे काढलं की व्यायाम सोपा होतो पण हॅमस्ट्रिंगवरचा लोडच जातो. सुरुवातीला अर्ध्यातच धपकन पडाल, चालतंय.

पहिल्या आठवड्यात एकच दिवस, ५-५ चे २ सेट. दुसऱ्यात दोन दिवस, ६-६ चे २. तिसऱ्यापासून तीन दिवस, ३ सेट, प्रत्येकी ६ ते ८ रेप्स (म्हणजे तितक्या वेळा), मग हळूहळू वाढवत न्या. उत्साहात पहिल्याच दिवशी ३०-४० मारले तर दोन-तीन दिवस जिना उतरताना देव आठवेल. मॅचच्या आदल्या दिवशी तर नकोच. सीझन चालू झाला की आठवड्यातून एकदा पुरे, पण बंद करू नका.

स्ट्रेचिंग सोडा असं नाही म्हणत. खेळायच्या आधी लेग स्विंग (पाय पुढे-मागे झुलवणं), हाय नीज (गुडघे उंच उचलत पळणं), मग वाढत्या स्पीडचे ३-४ स्प्रिंट. एकाच पोझमध्ये मिनिटभराच्या वर ताणून धरायचं ते खेळून झाल्यावर, आधी केलं तर स्फोटक ताकद थोडी कमी पडते.

आणि पळताना 'टक्' आवाज आला, मागे काळंनिळं पडलं किंवा पाय टाकता येईना, तर यातलं काहीही करू नका, आधी डॉक्टर किंवा फिजिओला दाखवा.