पोवाडा म्हणायचा तर आधी डफ तापवा
पोवाडा शिकायला आमच्या भंडाऱ्याकडची पोट्टी येतात, तेव्हा मी आधी डफच हातात देतो. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं. धानाच्या तणसाचा जाळ करा, डफ दुरूनच फिरवा, टिचकी मारून पाहा. खणखणला की थांबा. जास्त तापलं तर कातडं फाटतं.

सूर झीलकऱ्यांना, म्हणजे मागं साथ धरणाऱ्यांना, विचारून धरा. ‘जी जी रं जी’ त्यांना उचलता आलं नाही, तर शाहीर एकटा पडतो. तुणतुणं त्याच सुरात लावा.

मग कथा. १६५९ च्या अफझलखानवधाचा अज्ञानदासाचा पोवाडा घ्या, पण पाठ करण्याआधी तो प्रसंग घरच्या बोलीत सांगून पाहा. भेटीच्या क्षणी डफ थांबवा, शब्द मोकळे टाका. घाई नको बाप्पा! मागं बसलेल्या म्हातारीलाही कळलं पाहिजे.