एजंटकडे जाण्याआधी कपाटातलं करारपत्र काढा

मराठीत लिहिणाऱ्याला एजंट, म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणारा मध्यस्थ, लागत नाही, हे आपण गृहीत धरून चालतो आणि मराठीपुरतं ते खरंही आहे. आपण हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे देतो, मग फोन करावा की नको या विचारात महिने काढतो, आणि एके दिवशी "वाचलं, चांगलं आहे, पण सध्या हातात बरीच पुस्तकं आहेत" हे ऐकून घेतो. मध्ये कोणी नसतं. एजंटचा प्रश्न येतो तो पुस्तक इंग्रजीत न्यायचं ठरवल्यावर. दिल्ली-गुरुग्रामच्या मोठ्या प्रकाशकांकडे अनोळखी लेखकाची मेल पडून राहते, एजंटची उघडली जाते.

आणि सध्या एजंट आपल्या भाषांकडे बघतायत, हेही सांगायला हवं. २०२२ साली हिंदीतून आणि २०२५ साली कन्नडमधून इंग्रजीत गेलेल्या पुस्तकांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. ५०,००० पौंडांचं ते बक्षीस लेखक आणि अनुवादकात निम्मं-निम्मं वाटलं जातं. तेव्हापासून "मराठीत काय आहे?" हा प्रश्न एजंटांकडूनच येतो. त्यामुळे आपल्याला कोण विचारणार, हा विचार आधी काढून टाका.

मी एजंटसमोर बसले ती वाशीच्या एका हॉटेलातल्या लेखन परिषदेत. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडली की वाशी, म्हणूनच धीर झाला. यासाठी दिल्लीचं तिकीट काढलं नसतं. ज्यांच्या डोळ्यांसमोर साहित्य संमेलन आहे (आपल्या ठाण्यात २०१० साली झालं होतं, चौऱ्याऐंशीवं), त्यांनी ते चित्र पुसून जावं. इथे अध्यक्षीय भाषण नाही, ठराव नाहीत, मानपानावरून रुसवे नाहीत. टेबलं, समोरासमोर दोन खुर्च्या आणि घड्याळ बघत उभी असलेली आयोजकांची एक मुलगी. नोंदणी करतानाच कोणत्या एजंटसोबत बसायचं ते निवडायचं असतं. वेळ दहा मिनिटांच्या आतबाहेर. तेवढ्यात कोणी पुस्तक "घेत" नाही. त्या दहा मिनिटांत मिळवायची असते ती फक्त पुस्तक पाठवायची परवानगी.

पिच, म्हणजे एजंटला पुस्तक थोडक्यात सांगणं, कसं करायचं यावर भरपूर लिहिलेलं सापडेल, म्हणून मी उरकते. कादंबरी पूर्ण लिहून झालेली हवी. अर्धवट कादंबरी घेऊन जाऊ नका. कादंबरी नसेल, चरित्र किंवा इतिहास असेल, तर प्रस्ताव आणि एक-दोन प्रकरणं चालतात. वातावरण, शैली, भाषेचा बाज यांवर बोलू नका. कोणाला काय हवंय आणि ते का मिळत नाही, हे सांगा. माझी कादंबरी बेलापूरकडच्या एका आगरी कुटुंबाची आहे. मी पाठ केलेलं पिच सिडकोपासून, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळापासून सुरू व्हायचं: १९७० ची स्थापना, जमिनींचं संपादन, १९८४ चं जासईचं शेतकरी आंदोलन, मग जमीन गेलेल्यांना भूखंड देणारी साडेबारा टक्क्यांची योजना म्हणजे काय. घरी घड्याळ लावून म्हटलं तर अर्धा वेळ यातच संपत होता, आणि दिल्लीच्या माणसाला भूखंड वाटप समजावून कादंबरी विकली जात नाही. शेवटी ते असं झालं: "बाप गेल्यावर सरकारकडून मिळालेला एक भूखंड दोन भावांना विकायचाय. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही लागते. ती देत नाही, आणि का देत नाही ते सांगतही नाही." बस. जासई त्यांनी नंतर स्वतःहून विचारलं.

इंग्रजीची भीती बाळगू नका. मी धेडगुजरी बोलले, मध्ये हिंदीत गेले, समोरची बाईही हिंदीत आली. तुमचं इंग्रजी कोणी छापणार नाहीये, अनुवादकाचं छापणार आहेत.

"कोणत्या पुस्तकांसारखं आहे?" हा प्रश्न मात्र हमखास येतो आणि आपल्याला तो झोंबतो. आपल्याकडे अमक्यासारखं लिहिलंय म्हणणं जवळजवळ शिवी आहे. तिथे त्याचा अर्थ एवढाच की दुकानात हे कोणत्या फळीवर ठेवायचं. गेल्या चार-पाच वर्षांतली दोन नावं तयार ठेवा. मराठीतल्या थोर, दिवंगत लेखकाचं नाव घेऊ नका. ते तुम्हाला भूषण वाटेल, त्यांना त्यातून बाजार कळत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

पिच झालं, एजंटने मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "मराठी आवृत्ती आलेली आहे ना? मग अनुवादाचे हक्क कोणाकडे आहेत?"

मी म्हटलं, माझ्याकडेच. पुस्तक माझं आहे. त्यावर ती शांतपणे म्हणाली की करारपत्राची प्रत पाठवा, मग बोलू.

घरी येऊन करारपत्र शोधलं. दोन पानी, प्रकाशकाच्या लेटरहेडवर. रॉयल्टीची टक्केवारी, लेखिकेला द्यायच्या प्रती, आणि खाली एका ओळीत: "सदर साहित्यकृतीचे सर्व भाषांतील अनुवादाचे तसेच सर्व माध्यमांतील रूपांतराचे हक्क प्रकाशकाकडे राहतील." सही माझीच. सही करताना माझं लक्ष टक्केवारीवर आणि मुखपृष्ठ कोण करणार यावर होतं. तुमचंही तिथेच असतं, खोटं बोलू नका. ठाणे कोर्टात वकिली करणाऱ्या मैत्रिणीला दाखवलं. तिने आधी कादंबरी वाचलेली होती. म्हणाली, "तुझी नायिका शंभर पानं सही करत नाही, आणि तू एका चहावर केलीस?"

पण पुढे तिने जे सांगितलं ते प्रत्येक मराठी लेखकाला माहीत हवं, म्हणून जरा विस्ताराने सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अनुवादाचा हक्क हा छपाईच्या हक्काहून वेगळा आहे. एक दिला म्हणजे दुसरा आपोआप जात नाही. हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचा तर तो लेखी हवा आणि त्यावर तुमची सही हवी. तोंडी बोलण्याने, मानधनाच्या चेकने किंवा "आपलं घरचंच आहे" या वाक्याने कॉपीराइट जात नाही. लेखी करार आणि सहीचं हे कलम १९ मध्ये आहे. त्याच कलमात पुढे असं आहे की करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणखी एक: घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही म्हटलेलं नसल्यास तेवढ्यापुरतं हस्तांतर रद्द झालं असं मानलं जातं.

म्हणजे बघा, माझ्या कागदावर ना मुदत, ना प्रदेश, आणि अनुवादासाठी कोणी काडीही हलवलेली नव्हती. कायद्याने हक्क माझ्याकडे परत आलेले होते. मला वाटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो, आणि सापळा खरा इथे आहे. एजंटला कायद्यातली तुमची बाजू बरोबर असून भागत नाही. तिला वाद नकोय. उद्या ती पुस्तक इंग्रजी प्रकाशकाला विकणार, त्या करारात "हे हक्क निर्विवादपणे माझे आहेत" अशी हमी तुम्ही लिहून देणार, आणि पुस्तक बाजारात आल्यावर तुमचा मराठी प्रकाशक नोटीस पाठवणार, ही शक्यतासुद्धा तिला नको असते. तिने मागितलं ते साधं होतं: मराठी प्रकाशकाचं पत्र, की अनुवादाचे हक्क लेखिकेकडे आहेत आणि आमची हरकत नाही. दोन ओळी. त्या दोन ओळी मिळवायला किती काळ गेला ते सांगत नाही. साहेब बाहेरगावी, मग ग्रंथप्रदर्शन, मग दिवाळी अंकाची गडबड. कोणी वाईट वागलं नाही, चहा दर वेळी मिळाला. पत्र आलं तेव्हा त्या एजंटची त्या वर्षाची यादी भरलेली होती.

म्हणून क्रम उलटा करा. आधी कागद, मग पिच. तुमचं पुस्तक आलेलं असेल तर आजच करारपत्र काढून वाचा. संदिग्ध वाटलं तर प्रकाशकाला आत्ताच पत्र मागा, काही अडलेलं नसताना. गरज नसताना मागितलेलं पत्र लवकर मिळतं. करारपत्रच नसेल तर घाबरू नका. सही केलेला कागद नाही म्हणजे तुम्ही हक्क दिलेलेच नाहीत. दिवाळी अंकात आलेल्या लघुकादंबरीचंही तेच.

आणि पुस्तक अजून यायचं असेल तर तुमच्यासारखं नशीबवान कोणी नाही. करारात हे वाक्य घालायला सांगा: "हा करार फक्त मराठी भाषेतील छापील आवृत्तीपुरता असून अनुवाद, ई-पुस्तक, ऑडिओ, चित्रपट, मालिका व वेबमालिका यांचे हक्क लेखकाकडे राहतील." प्रकाशक रागावेल असं वाटतं, बहुतेक वेळा रागावत नाही. फार तर म्हणेल की ई-पुस्तक आम्हाला द्या. द्या, पण मुदत घालून. एखादा प्रकाशक खरोखरच अनुवाद विकतो, त्याची तशी माणसं असतात. त्याला हक्क द्यायला हरकत नाही, फक्त तुमचा वाटा किती आणि किती वर्षांत काही झालं नाही तर हक्क परत, हे लिहून घ्या. पहिल्या पुस्तकाच्या वेळी "मी कोण अटी घालणारी" असं वाटतं. तुम्ही कॉपीराइटच्या मालक आहात. तुमच्या नंतरही साठ वर्षं तुमच्या वारसांचा असणारा हा हक्क आहे.

अनुवादकाचं प्रकरणही याच जातीचं. एजंटला मराठी येत नाही, त्यामुळे तीस-पन्नास पानांचा इंग्रजी नमुना लागतो. तो आपण ओळखीच्या कोणाकडून तरी प्रेमाखातर करून घेतो. पण अनुवादावर अनुवादकाचा स्वतःचा कॉपीराइट असतो. नमुना आवडला आणि मैत्री बिघडलेली असली तर ती पानं तुम्ही वापरू शकत नाही. आधीच मेलवर चार ओळी ठरवा: नमुन्याचे पैसे किती, पूर्ण अनुवाद हीच व्यक्ती करणार का, नाव मुखपृष्ठावर येणार का. (यावं. अनुवादकाचं नाव आतल्या पानावर ढकलणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही.)

एजंटला पाठवायच्या सारांशात कादंबरीचा शेवट लिहा. आपल्याला मलपृष्ठाची सवय, "पुढे काय होतं ते वाचकांनीच..." असं करून सोडतो. एजंटला बहीण सही का करत नाही ते कळायलाच हवं.

शॉर्टकटबद्दल मला विचाराल तर सगळे महाग पडतात. एजंट कमावतो ते तुमच्या मिळकतीतून: देशातल्या व्यवहारावर साधारण १५ टक्के, परदेशातल्यावर २० च्या आसपास. पुस्तक विकलं जाण्याआधी तो पैसे मागत असेल, तर तो संपादनाची किंवा वाचनाची सेवा विकतोय. ती घ्यायची तर घ्या, पण त्याला एजंट म्हणू नका. "आम्ही आयएसबीएन मिळवून देतो" म्हणून पैसे घेणाऱ्यांना तर दारातूनच परत पाठवा. पुस्तकाचा हा ओळख क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो. पिच शिकवणाऱ्या कोचवरही माझा फारसा विश्वास नाही. ते आवाज आणि हातवारे शिकवतात. मला उपयोग झाला तो शेजारच्या काकूंचा. कादंबऱ्या न वाचणारी बाई, माझं ऐकून म्हणाली, "मग त्या पोरीने सही केली का शेवटी?" तो प्रश्न आला की पिच जमलं. साहित्यिक मित्र हा प्रश्न विचारत नाहीत, ते सिडकोवर बोलतात.

"पाठवा" म्हणाले तर आठवड्याच्या आत पाठवा, जेवढं मागितलंय तेवढंच. पन्नास पानं म्हटली तर पन्नास. मेलच्या विषयात परिषदेचं नाव घाला, कारण चेहरा त्यांच्या लक्षात राहत नाही. आणि तेवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे एका वेळी एकाच प्रकाशकाकडे हस्तलिखित द्यायचं, हा संकेत आहे. इथे अनेकांकडे एकदम पाठवायला हरकत नसते, मात्र एखाद्याने "फक्त आम्हालाच" म्हटलं तर त्याला तारीख विचारून घ्या. दोन महिन्यांनी एकदा आठवण करा. त्यानंतरही काहीच आलं नाही तर ते नाही समजा. त्यात पुस्तकाचा दोष असेलच असं नाही. बऱ्याचदा यादीत जागा नसते एवढंच.

माझं पुस्तक सध्या दुसऱ्या एका एजंटकडे वाचनात आहे. तिनेही पहिला प्रश्न हक्कांचाच विचारला. पत्राची स्कॅन प्रत मेलसोबत जोडलेली होती, त्यामुळे या वेळी पुढचा प्रश्न कादंबरीवरचा आला.