मॉरिस मायनर चार्ज करत नाही? कटआउटचा स्क्रू शेवटी, आधी डायनमो

मॉरिस मायनर, एमजीए आणि त्या काळातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत अल्टरनेटर नसतो. ल्युकास कंपनीचा सी-39 किंवा सी-40 डायनमो (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज देणारं जनित्र) आणि आरबी-106 कंट्रोल बॉक्स, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला सरसकट कटआउट म्हणतात तो, एवढ्यावरच सगळं चार्जिंग चालतं. खरं तर बॉक्समध्ये दोन भाग असतात: व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आणि डायनमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा खरा कटआउट. बॅटरी उतरली की लोक या बॉक्सचं झाकण काढून व्होल्टेज ठरवणारा स्क्रू फिरवायला लागतात. तसं करू नका. स्क्रू आपोआप फिरत नाही. बिघाड बहुधा बेल्ट, कार्बन (डायनमोच्या फिरत्या भागावर घासणारे ब्रश), वायर किंवा अर्थिंगमध्ये असतो, आणि सेटिंग एकदा बिघडवलं की एकाचे दोन बिघाड होतात.

अपेक्षाही बेताची ठेवा. सी-40 जेमतेम 22 अँपिअर देतो आणि आयडलिंगला जवळजवळ काहीच देत नाही. गाडी उभी असताना डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मंद लागतो आणि थोडी रेस दिली की विझतो, हे ठणठणीत डायनमोचं लक्षण आहे.

या गाड्यांत बहुतेक वेळा बॅटरीचं धन टोक बॉडीला असतं. ते आधी पाहून घ्या. तसं असेल तर मीटरची लाल पिन बॉडीला आणि काळी टर्मिनलला लावायची. मीटर काट्याचा असला तर उत्तम, कारण इग्निशन आणि कार्बनच्या ठिणग्यांमुळे डिजिटल मीटरचे आकडे नाचतात. फॅनबेल्ट सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबून साधारण अर्धा इंच (13 मिमी) हलला पाहिजे.

आता मुख्य चाचणी. डायनमोवर दोन टर्मिनल असतात: मोठं डी (तयार वीज बाहेर देणारं), छोटं एफ (फील्ड कॉइलचं). दोन्ही वायरी काढा, त्या बॉडीला लागणार नाहीत अशा बाजूला ठेवा आणि डी-एफ एका छोट्या वायरने जोडा. मीटर त्या जोडावर आणि बॉडीवर लावा. इंजिन सुरू करून हळूहळू रेस वाढवा. व्होल्टेज न अडखळता भराभर चढलं पाहिजे. 20 व्होल्टला थांबा आणि इंजिन 1000 आरपीएमच्या वर नेऊ नका, कारण आता डायनमोवर कुणाचंच नियंत्रण नाही.

काटा हललाच नाही तर कार्बन पाहा: झिजलेले, होल्डरमध्ये अडकलेले किंवा तेलकट. सी-40चे कार्बन 9/32 इंचापर्यंत (7 मिमी) झिजले की बदलायचे. मागच्या बेअरिंगच्या भोकात तेलाचे दोन-चार थेंबच पुरतात. जास्त घातलं तर ते कम्युटेटरवर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्यावर जातं, आणि कार्बन तेलकट होण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. काटा एक व्होल्टच्या आसपास अडला तर फील्ड कॉइलवर, म्हणजे डायनमोतलं चुंबकत्व तयार करणाऱ्या स्थिर गुंडाळीवर संशय घ्या. फील्डचा रोध सी-40मध्ये सुमारे 6 ओहम असतो. चार-पाच व्होल्टवर थांबला तर आर्मेचर (फिरणारी गुंडाळी) गेलं.

डायनमो नवा किंवा बराच काळ पडून असलेला असेल तर त्याचं उरलेलं चुंबकत्व गेलेलं किंवा उलटं झालेलं असू शकतं. दोन्ही वायरी आणि मधला जोड काढून, बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकापासून एक वायर आणा आणि डायनमोच्या एफला क्षणभर दोन-तीनदा टेकवा. बारीक ठिणगी पडेल. बॅटरी उलट जोडणीने बसवल्यावरही हे करायलाच हवं.

डायनमो चांगला निघाला तर डी-एफचा जोड तसाच ठेवून काढलेल्या वायरी परत डायनमोला जोडा. कंट्रोल बॉक्सच्या टोकाला डी आणि एफ या वायरी सोडवा आणि एकेकीवर मीटर लावा. डायनमोवर येत होतं तेच व्होल्टेज इथे आलं पाहिजे. जिच्यावर कमी येतं ती वायर किंवा तिचं टोक खराब. मग इंजिन बंद करा, जोड काढा आणि सगळं पूर्ववत करा. जोड विसरलात तर डायनमो जळेल.

आता बॉक्सकडे वळा, पण तिथेही पहिल्यांदा ई टर्मिनलचं अर्थिंग. रेग्युलेटरची व्होल्टेज कॉइल डी आणि ई यांच्यामध्ये असते. ई सुटलं तर कॉइल मेली, डायनमो मोकाट सुटतो आणि बॅटरी उकळते. अशा वेळी बिचारा स्क्रू निर्दोष असतो.

रेस दिल्यावर दिवा विझून पुन्हा मंद पेटत असेल तर कटआउटचे काँटॅक्ट मिटत नाहीत किंवा काळे पडलेत. ते बारीक काचकागदानेच घासा, एमरी किंवा कार्बोरंडम वापरू नका. रेग्युलेटरच्या काँटॅक्टला मात्र बारीक कार्बोरंडम दगड चालतो, नंतर स्पिरिटने पुसा. दोन्ही कामांना आधी बॅटरी सोडा.

एवढ्यानंतरच सेटिंग. ए आणि ए1च्या वायरी बॉक्सवरून काढून एकमेकींना जोडा, म्हणजे इग्निशन चालू राहील. हा जोड बॅटरीशी थेट असतो, म्हणून त्यावर टेप गुंडाळा. मीटर डी आणि ई वर. रेस वाढवत नेली की काटा थरथरून सुमारे 16 व्होल्टला स्थिरावतो. तुमच्या मॉडेलचा अचूक आकडा तापमानानुसार मॅन्युअलच्या तक्त्यात असतो. वाचन त्याच्याशी जुळलं नाही तरच रेग्युलेटरच्या स्क्रूला हात लावा. अर्ध्या मिनिटात आटपा, कॉइल तापली की वाचन चुकतं.

इंजिन बंद केल्यावर कटआउट मिटलेलाच राहिला तर बॅटरी उलटी डायनमोत रिकामी होते. वायरी तापायच्या आत बॅटरीचं टोक सोडा, म्हणून या कामात पाना हाताशीच असू द्या.