गुडघ्याची झीज ओळखायची तर आधी उठणं-बसणं बघा

'आई, गुडघं दुखतात का गं?' असं विचारलं की आईचं उत्तर ठरलेलं. 'कुठं काय? वय झालं की व्हायचंच.' मी तासगावात फिजिओथेरपिस्ट आहे, रोज लोकांचे गुडघे तपासते. तरी घरातला गुडघा मला फार उशिरा कळला. एका सकाळी ती चुलीपुढनं उठत होती. आधी डावा हात जमिनीला, मग उजवा हात मांडीवर दाबून, अर्धवट उठल्यावर क्षणभर थांबली. पहिली चार पावलं भिंत धरून टाकली आणि उंबऱ्याशी पोचेपर्यंत चाल मोकळी झाली. तिनं तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

म्हणून सांगते, आपल्या माणसाला नुसतं विचारू नका, बघा.

सकाळी घड्याळ लावा. झिजेमुळं आखडलेला सांधा थोड्या हालचालीनं, फार तर अर्ध्या तासात सुटतो. बराच वेळ बसून उठल्यावरही असंच होतं. सांगलीला एसटीनं जाऊन उतरताना पहिली पावलं जड पडतात, मग ठीक. पण सकाळचा ताठरपणा तासाच्या वर टिकत असेल आणि दोन्ही हातांची मनगटं, बोटांची मुळं सुजून मऊ लागत असतील, तर तो आमवात असू शकतो. तो वेगळा आजार, औषधंही वेगळी. तिथं थांबण्यात सांध्याचं नुकसान आहे.

झिजेचं दुखणं कामाबरोबर वाढतं, विश्रांतीनं उतरतं. द्राक्षाच्या विरळणीला दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांना संध्याकाळी ठणका लागतो. भांगलायला, म्हणजे तण काढायला, उकिडवं बसणं तर सगळ्यात आधी सुटतं. जिना चढण्यापेक्षा उतरताना नीट बघा: माणूस अंग तिरकं करून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरतं का? पंगतीत मांडी घालायची सोडून खुर्ची मागतं का? दुखतं म्हणायच्या कितीतरी आधी माणूस सवयी बदलतं.

आता हात लावून बघा. खुर्चीवर बसवून गुडघ्याच्या वाटीवर तळवा ठेवा आणि पाय सरळ-वाकडा करायला सांगा. आत वाळू घासल्यासारखी करकर हाताला लागते. नुसता आवाज येतो, दुखत नाही, तर घाबरू नका, तरण्या गुडघ्यांचेही आवाज येतात. मग पावलं जुळवून उभं करा. दोन गुडघ्यांमध्ये फट पडत चालली असेल आणि सांधा रुंद, हाडासारखा टणक लागत असेल, तर झीज जुनी आहे.

हाताची बोटंही बघा. झीज तिथंही असेल तर नखाजवळच्या सांध्यावर टणक गाठी येतात. हेबर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरांच्या नावानं त्या ओळखल्या जातात. भाकरी थापताना किंवा बरणीचं झाकण फिरवताना अंगठ्याचं मूळ दुखणं हीही त्यातलीच खूण. खुब्याची झीज मात्र फसवते. दुखतं जांघेत, कधी फक्त गुडघ्यात, आणि पायाची नखं कापायला वाकता येत नाही.

पंचेचाळिशीनंतर या खुणा असतील तर बहुतेक वेळा डॉक्टरांना एवढ्यावरूनच निदान करता येतं, एक्स-रे लागतोच असं नाही. एक्स-रेत झीज जास्त आणि दुखणं कमी, किंवा याच्या उलट, असंही असतं. 'गुडघ्यातलं ग्रीस संपलं' हा शब्द तर मला अजिबात सहन होत नाही. तो ऐकून बायका चालायचं सोडतात, मांडीचे स्नायू कमजोर होतात आणि गुडघ्यावरचा भार आणखी वाढतो.

सांधा एकदम लाल, गरम झाला आणि ताप आला, किंवा पडल्यावर पायावर भार देता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नाहीतर आठवडाभर कॅलेंडरच्या चौकटीत लिहीत जा: सकाळी किती मिनिटं आखडलं, कशानं दुखलं. आईच्या पानावर एका चौकटीत 'बाजार, लई' एवढंच होतं, दुसरीत 'भांगलाण, बसवंना'. तेच पान मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे नेलं.