शुगर आहे आणि थकवा जातच नाही? या चुका टाळा

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या आसपास गेला की थकव्याचं खापर उन्हावर फुटतं. घरात शुगरचा पेशंट असेल तर दुसरं उत्तरही तयार असतं: "शुगर डाऊन झाली असेल, संत्र्याचा रस द्या." सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. शुगर घसरली तरी माणूस गळून जातो आणि चढली तरी गळूनच जातो. चढलेली असताना लघवी वाढते, अंगातलं पाणी कमी होतं. वरून रस पाजला की ती आणखी चढते.

म्हणून आधी ग्लुकोमीटर. 70 च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. मीटर जवळ नसेल आणि हात थरथरत असतील, दरदरून घाम सुटला असेल, तर मात्र वाट न बघता साखर द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

उन्हाळ्यात शुगर विनाकारण चढते आहे असं वाटलं तर इन्सुलिन कुठे ठेवता ते बघा. सीताबर्डीला खरेदी होईपर्यंत स्कूटीच्या डिकीत तापलेलं इन्सुलिनचं पेन दिसायला ठीकच दिसतं, गुण मात्र गेलेला असू शकतो.

"रिपोर्ट नॉर्मल आहे, मग थकवा मनाचाच" हे तर मला अजिबात पटत नाही. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी-12 कमी होऊ शकतं, शाकाहारी असाल तर जास्तच. तळपायाला येणाऱ्या मुंग्या शुगरच्याच समजून सोडून दिल्या जातात. गोळी मनानं बंद करू नका. बी-12, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि किडनीसाठी क्रिएटिनिन तपासून घ्या. जोरात घोरत असाल, रात्री लघवीला सारखं उठावं लागत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

आपल्या विदर्भात आणखी एक गोम आहे: सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. त्यात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे शुगरची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी ही तपासणी खोटीच कमी दिसू शकते. घरात कुणाला सिकलसेल असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका.

आणि थकवा अचानक आला, सोबत दम लागतोय किंवा थंड घाम येतोय, तर शुगर मोजत बसू नका. मधुमेहात हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. लगेच 108 ला फोन करा.