तुटलेला भाला आणि पितळेची तार

न्यूरेम्बर्गच्या जुन्या बाजारात मला एलास्टोलिन या जर्मन खेळण्यांच्या ब्रँडचा, सात सेंटिमीटर उंचीचा प्लॅस्टिकचा लांड्सक्नेख्ट, म्हणजे सोळाव्या शतकातला भाडोत्री जर्मन पायदळ शिपाई, स्वस्तात मिळाला, कारण त्याचा भाला मधोमध मोडलेला होता. एलास्टोलिन बनवणारी हाउसर कंपनी पूर्वी लाकडाचा भुसा आणि सरस यांच्या लगद्यापासून शिपाई बनवत असे. प्लॅस्टिककडे ती १९५० च्या दशकात वळली आणि १९८३ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्यामुळे सुटा भाला मिळवण्यापेक्षा आहे तोच जोडणे मला बरे वाटले.

पहिल्या प्रयत्नात मी झटपट चिकटणारा गोंद लावला आणि धूळ बसू नये म्हणून शिपायाला बंद डब्यात ठेवले. हीच चूक झाली, कारण गोंदाच्या वाफा कोंडून लाल-पिवळ्या पट्ट्यांच्या तुमानीवर पांढुरकी बुरशीसारखी झाक आली आणि भालाही दुसऱ्याच दिवशी निखळला. ती झाक मी कोरड्या कापसाच्या काडीने हलकेच पुसली. अॅसिटोनने मात्र मूळ हातरंगच गेला असता.

नंतर दोन्ही तुकड्यांच्या टोकांना, बोटांनीच फिरवायच्या ड्रिलने, ०.६ मिलिमीटरचे छिद्र पाडले (यंत्राच्या वेगाने प्लॅस्टिक वितळते), त्यात ०.५ मिलिमीटरची पितळी तार बसवली आणि दोन भाग मिसळून वापरायचा एपॉक्सी गोंद लावून भाला रात्रभर मेणाच्या गोळ्यात सरळ रोवून ठेवला. सांध्यावर मी मुद्दाम रंग दिलेला नाही.