बेदाण्याचा रंग सकाळी हिरवा, संध्याकाळी पिवळा: दोष मॉडेलचा नव्हता

तासगावच्या बेदाण्याची रंगावरून प्रतवारी करताना एआय मॉडेल एकच ताट सकाळी ‘हिरवा’ सांगत होतं, दिवेलागणीला ‘पिवळा’. मूळ दोष ऑटो व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे उजेडाची छटा ओळखून रंग आपोआप जुळवणाऱ्या कॅमेऱ्याच्या सोयीचा. ताटभर एकाच छटेचा माल दिसला की कॅमेरा ती छटा उजेडाची समजून पुसून टाकतो.

म्हणून मोबाईलचा कॅमेरा प्रो मोडला घेतला, म्हणजे सगळी सेटिंग हाताने. व्हाइट बॅलन्स दिव्याच्या उजेडाच्या छटेएवढा, 5000 केल्विन. आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) 100, फोकस मॅन्युअल, शटर 1/50 सेकंद. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो आणि वेगवान शटरला फोटोत पट्टे उमटतात. खिडकी बंद. दिवे दोन्ही बाजूंनी 45 अंशांत, पुढे बटर पेपर; नाहीतर तेलकट दाण्यावरची चकाकी मॉडेलला फिका माल वाटते. ताटाच्या कोपऱ्यात ग्रे कार्ड (तटस्थ करड्या रंगाचं कार्ड) कायम ठेवलं. त्या चौकोनात लाल, हिरवा, निळा यांचे आकडे सारखे येतील असा प्रत्येक फोटो सॉफ्टवेअरने दुरुस्त करायचा, मगच तुलना.

आणि हे फार महत्त्वाचं: एकाच लॉटचे फोटो मॉडेलला शिकवायला आणि ते तपासायला, दोन्हीकडे घालू नका. अचूकता फुगलेली दिसते, नवा लॉट आला की आपटते.